उद्यमनगरात बनलेला शेवाळ-स्क्रबर: समुद्री टाकी ठेवणाऱ्यांनी घ्यावा का?

पाच मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिकचा खोका. आत वरच्या बाजूला आडवा पाऊण इंची पीव्हीसी पाइप, पाइपला खालून सरळ चीर, चिरेत अडकवलेली १५ बाय १५ सेंटिमीटरची प्लास्टिकची जाळी आणि जाळीच्या दोन्ही अंगांना तांबड्या एलईडीच्या पट्ट्या. पंप पाणी वर चढवतो, ते चिरेतून जाळीवर पातळ पडद्यासारखं उतरतं आणि तळाच्या भोकातून परत संपमध्ये, म्हणजे मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीखालच्या फिल्टरच्या हौदात जातं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये हा ‘अल्गी स्क्रबर’ ऑर्डरप्रमाणे बनवून मिळतो. पंपासकट ६,८०० रुपये, हातात यायला दहा-बारा दिवस. वर्कशॉपचं नाव मुद्दाम देत नाही. खाली त्यांच्या चुका बऱ्याच लिहिल्या आहेत. शिवाय उद्यमनगरात अ‍ॅक्रिलिक कापणारे हात कमी नाहीत. मापं नीट दिली तर हे कुणाकडूनही करून घेता येईल.

या यंत्राचं काम एकच, शेवाळ वाढवणं. दर रविवारी टाकीची काच खरवडत बसणाऱ्याला हे उफराटं वाटेल. पण हिशोब सरळ आहे. माशांना घातलेल्या खाद्यातून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठतं. त्यावर शेवाळ वाढणारच. प्रश्न इतकाच की ते दगडावर वाढू द्यायचं की आपण नेमून दिलेल्या जाळीवर. जाळीवर पाणी पातळ, हवा भरपूर, उजेड अगदी जवळ. तिथे ते टाकीतल्यापेक्षा जोरात वाढतं आणि वाढताना पाण्यातलं खाद्य आधी खाऊन घेतं. आठवड्याने जाळी काढून शेवाळ खरवडलं की तेवढं नायट्रेट-फॉस्फेट घराबाहेर गेलं. रंकाळ्याचं पाणी हिरवं का पडतं हे कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. सांडपाणी आत येतं, ऊन असतं, आणि आत आलेलं बाहेर काढणारं कुणी नसतं. घरातली टाकी म्हणजे त्याच गणिताचा २५० लिटरचा नमुना.

ही कल्पना उद्यमनगराची नाही आणि नवीही नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर अ‍ॅडी यांनी प्रवाळखडकांवरच्या बुटक्या, गवतासारख्या शेवाळाचा अभ्यास केला आणि तेच शेवाळ जाळीवर वाढवून पाणी साफ करण्याची पद्धत बसवली. तिचं पेटंट १९८२ चं आहे. त्यांच्या यंत्रात पाणी बादलीतून हेलकाव्याने, लाटेसारखं जाळीवर ओतलं जायचं. आजचा धबधब्याचा प्रकार त्याचीच सोपी आवृत्ती.

यंत्राचा कस लावण्याआधी एक गोष्ट स्पष्ट हवी, नाहीतर खरेदी चुकते. टाकीवाल्यांच्या बोलण्यात ‘शेवाळ’ म्हणजे शत्रू. प्रवाळाच्या बाबतीत मात्र शेवाळाची तीन वेगवेगळी नाती आहेत आणि स्क्रबर त्यातल्या एकाचाच बंदोबस्त करतो.

पहिलं नातं पोटातलं. प्रवाळाच्या मऊ पेशींच्या आत झूझॅन्थेली नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं. एक पेशी ५ ते १० मायक्रॉनची, आणि प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशा दहा लाखांच्या घरात पेशी. हे शेवाळ उजेडात साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी यजमानाला देतं. अनेक प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज यातून भागते. बदल्यात प्रवाळ त्याला जागा, कार्बन डायऑक्साइड आणि स्वतःच्या उत्सर्जनातलं नायट्रोजन-फॉस्फरस पुरवतो. प्रवाळाचे तपकिरी-हिरवे रंग बहुतेक या भाडेकरूंचेच. पूर्वी हे सगळे सिम्बायोडिनियम या एकाच वंशात मोडत; २०१८ मध्ये त्याची फोड होऊन क्लॅडोकोपियम, ड्युरुस्डिनियम असे वेगळे वंश मानले गेले. ड्युरुस्डिनियममधले काही उष्णता जास्त सोसतात, पण यजमानाला वाढून देताना हात आखडतात. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल सरासरीपेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की या शेवाळाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, त्यातून घातक ऑक्सिजन संयुगं तयार होतात आणि प्रवाळ भाडेकरूला बाहेर काढतो. मग पारदर्शक कातडीखालून पांढरा चुन्याचा सांगाडा दिसतो. ब्लीचिंग म्हणतात ते हेच. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ ही जगभरच्या ब्लीचिंगची आधीची तीन पर्वं. चौथं सुरू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. आपल्या लक्षद्वीपला या चारही वेळा फटका बसला.

दुसरं नातं गवंड्याचं. दगडावर गुलाबी-जांभळा रंग फासल्यासारखं दिसणारं, चुना साठवणारं कोरलाइन शेवाळ सुटे तुकडे सांधून खडक घट्ट करतं. प्रवाळाची अळी बसायला जागा शोधते तेव्हा अनेक जातींना याच शेवाळाचा वास-खूण लागते. टाकीत हा गुलाबी थर आला तर तो खरवडू नका, पाण्याचं गणित जमलं असं समजा.

तिसरं नातं भाऊबंदकीचं, जागेवरून भांडणाचं. केसाळ, पालेदार, पटापट वाढणारं शेवाळ प्रवाळावर सावली धरतं, घासतं आणि पाण्यात विरघळणारी शर्करा सोडतं. त्या शर्करेवर जिवाणू माजतात आणि प्रवाळाच्या कडेचा ऑक्सिजन संपवतात. समुद्रात याला आवर घालतात ते पोपटमासे, सर्जनफिश, रॅबिटफिश आणि समुद्री साळिंदर, म्हणजे सी अर्चिन. जमैकात हे चरणारे मासे आधीच बेसुमार पकडले गेले होते, १९८० च्या अ‍ॅलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले, आणि १९८३-८४ मध्ये डायाडेमा जातीच्या अर्चिनची रोगाने दाणादाण उडाली. १९७७ ते १९९३ या काळात तिथलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ५२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं आणि पालेदार शेवाळ ४ वरून ९२ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे मन्नारच्या आखातात वेगळ्या वाटेने तेच घडलं: कॅराजिनन या घट्ट करणाऱ्या पदार्थासाठी लागवडीला आणलेलं कॅप्पाफायकस हे परदेशी शेवाळ कुरुसडाई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ मध्ये झाली.

स्क्रबर काम करतो तो या तिसऱ्यावर. त्याची जाळी म्हणजे टाकीतलं चराऊ कुरण, आणि खरवडणारा तुमचा हात म्हणजे पोपटमासा.

आता यंत्र. चाचणीची टाकी संपसकट २५० लिटरची, सिरॅमिकचे कृत्रिम दगड, क्लाउनफिशची जोडी, दोन डॅम्सेल मासे, एक शेवाळ खाणारा ब्लेनी मासा, आणि प्रवाळांचे मऊ नातेवाईक, म्हणजे काही मश्रूम आणि झोअँथिड. मश्रूम आणि झोअँथिड हे खडक बांधणारे प्रवाळ नव्हेत, पण त्यांच्याही पोटात झूझॅन्थेली असतात. त्यामुळे वरचं पहिलं नातं घरातही दिसतं.

आकार ठरवताना टाकीचे लिटर बघू नका, रोजचं खाद्य बघा. विक्रेते ‘३०० लिटरपर्यंत चालेल’ असं सांगतात, त्याला काही अर्थ नाही. ३०० लिटरमध्ये दोन मासेही असू शकतात आणि पंधराही. हौशी लोकांमध्ये रुळलेला ठोकताळा असा: गोठवलेल्या खाद्याचा रोज एक क्यूब, किंवा पावणेतीन ग्रॅमच्या आसपास कोरडं पेलेट, याला दोन्ही बाजूंनी उजेड असलेली साधारण ७७ चौरस सेंटिमीटर जाळी. १५ बाय १५ म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे रोज तीन क्यूब किंवा आठेक ग्रॅम पेलेट पचवण्याची ताकद. चाचणीच्या टाकीला एवढं खाद्य लागत नाही, म्हणजे जाळी मोठीच होती. मोठी जाळी घेतल्याचे तोटे पुढे येतील.

पाण्याचा वेग जाळीच्या रुंदीवर ठरतो: दर सेंटिमीटर रुंदीला ताशी ५० लिटरच्या थोडं वर. १५ सेंटिमीटरला ताशी ७८० लिटर धरा. आणि इथे वर्कशॉपची पहिली मोठी चूक. सोबत दिलेल्या पंपावर ‘ताशी १००० लिटर’ छापलं आहे, ते बरोबरही असेल, पण शून्य उंचीला. साठ सेंटिमीटर चढ, दोन एल्बो आणि बारीक चीर यांतून गेल्यावर जाळीवर पडतं ते जेमतेम ५००. हे मोजायला मीटर लागत नाही. तळाच्या पाइपखाली बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा: ताशी ७८० लिटर असेल तर पाच लिटर २३ सेकंदांत भरतात, ५०० असेल तर ३६ सेकंद लागतात. कमी पाण्यात जाळीच्या कडा कोरड्या राहतात, वाढलेल्या शेवाळाच्या आतल्या थरापर्यंत पाणी पोचत नाही आणि तो थर कुजतो. ताशी २००० लिटरचा पंप आणि पुढे एक बॉल व्हॉल्व्ह लावून पाणी कमी-जास्त करता येतं. ऑर्डर देताना पंप वगळायला सांगा आणि तो स्वतः घ्या.

चीर तीन मिलिमीटर रुंद हवी आणि एका रेषेत. आलेल्या नगात ती ग्राइंडरने हाताने मारलेली होती; एका टोकाला चार, दुसऱ्या टोकाला दोन मिलिमीटर. त्यामुळे पाणी डावीकडे धो-धो आणि उजवीकडे ठिबक. चीर गुळगुळीत पॉलिश पेपरने सारखी केली, पाइपवर पाणसळ ठेवून खोका समतल केला, तेव्हा पडदा सलग झाला. दर आठवड्याला चिरेत जुन्या टूथब्रशचे केस फिरवावे लागतात, नाहीतर जाळीच्या वरच्या कडेचं शेवाळ चिरेत घुसतं आणि मधेच पाण्याची फट पडते. चिरेवर अपारदर्शक टेप किंवा कापलेला पाइप बसवून तेवढा भाग अंधारात ठेवला तर हा त्रास निम्मा होतो.

जाळी चांगल्या जातीची आहे, भरतकामाची प्लास्टिक कॅनव्हास. पण ती तशीच, गुळगुळीत लावून दिली होती. अशा जाळीवर शेवाळ धरतं आणि पुरेसं जड झालं की एका रात्री सगळंच्या सगळं सुटून तळाच्या भोकावर जाऊन बसतं. हॅक्सॉ ब्लेडने दोन्ही बाजूंनी उभी-आडवी घासून ती नारळाच्या किसणीइतकी खरखरीत करा. हाताला टोचली पाहिजे. सुटी जाळी महाद्वार रोडवर भरतकामाचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत विचारून बघा. एक जादा तुकडा घरी असावा.

दुसरी गंभीर चूक निचऱ्याची. तळाला एकच भोक, २५ मिलिमीटरचं, तेही टँक निपलवर जाळीची टोपी न बसवता. सुटलेल्या शेवाळाची एक गुंडाळी तिथे अडकली की पाच-दहा मिनिटांत खोका भरून वाहतो, आणि ते खारं पाणी फरशीवर, कपाटाच्या प्लायवर आणि बोर्डावर. यावर तडजोड नको. बाजूच्या भिंतीत, तळापासून पाच सेंटिमीटर वर दुसरं भोक पाडून त्यातून मोकळा पाइप संपमध्ये सोडा. वर्कशॉपने हे मागितल्यावर २५० रुपयांत करून दिलं. मुळात ते किमतीतच असायला हवं होतं.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर. शेवाळाच्या हरितद्रव्याला ६६० नॅनोमीटरचा गडद तांबडा उजेड लागू पडतो, सोबत थोडा निळा असला तर उत्तम. नगासोबत आलेल्या पट्ट्या सजावटीच्या होत्या, ६२०-६३० च्या. डोळ्यांना त्या जास्त झगझगीत, नारिंगीकडे झुकलेल्या दिसतात, म्हणून घेणारा फसतो. ६६० चा दिवा डोळ्याला मंद वाटतो, तरी शेवाळाच्या कामाचा तोच. झाडांसाठीचे ‘ग्रो लाइट’ म्हणून हे दिवे सहज मिळतात. २२५ चौरस सेंटिमीटरला दोन्ही बाजू मिळून १५ ते १८ वॉट पुरतात. दिवा आणि जाळी यांच्यात अ‍ॅक्रिलिकची भिंत आहे, हे या नगातलं खरंच चांगलं डिझाइन. दिव्यावर तुषार उडत नाहीत. तरीही जोडणीच्या तारांवर मीठ चढतंच. सांधे सिलिकॉनने बंद करा, तारांना बोर्डाआधी खाली झोळ द्या म्हणजे ओघळ तिथूनच गळून पडेल, आणि टाकीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) असल्याशिवाय हे यंत्र सुरू करू नका.

दिवे रात्री चालवा, टाकीचे दिवे बंद असताना. रात्री टाकीतले सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकतं. स्क्रबरचं शेवाळ त्याच वेळी तो शोषतं, त्यामुळे सकाळचा पीएच फार खाली जात नाही. सुरुवातीला नऊ तास, वाढ हिरवी दिसू लागली की हळूहळू १४-१६ तासांपर्यंत. पहिल्या दिवसापासून १८ तास लावले तर कोवळी वाढ पिवळी पडून सुटते.

धीर धरावा लागतो. पहिला आठवडाभर जाळीवर तपकिरी बुळबुळीत थर येतो. तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा, बोटाने हलका पुसून टाकला तरी चालतो. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास हिरवी लव, आणि चौथ्या ते सहाव्या आठवड्यात पहिली खरी काढणी. त्यानंतर दर सात ते दहा दिवसांनी. जाळी बाहेर काढून बेसिनमध्ये नळाच्या पाण्याखाली धरायची, कारण शेवाळ खाणारे बारीक किडे गोड्या पाण्याने मरतात. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडायचं, पण मुळं ठेवून. जाळी चकचकीत स्वच्छ केली तर पुन्हा तीन आठवडे मागे जाल. शेवटी आरओच्या पाण्याने खळबळून परत लावायची. वाढीचा रंग बघायला शिका. काळपट तेलकट थर म्हणजे खाद्य फार आणि उजेड कमी. पिवळट रबरी वाढ म्हणजे उजेड फार, पाणी कमी किंवा लोह संपलेलं. गडद हिरवे केस म्हणजे सगळं जागेवर.

आठ आठवड्यांत चाचणीच्या टाकीत नायट्रेट ४० वरून १० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास आलं, फॉस्फेट ०.३५ वरून ०.०८. फॉस्फेट आधी बरेच दिवस हललंच नाही. तसंच होतं, चुनखडीच्या वाळूत आणि दगडात मुरलेलं फॉस्फेट पाण्यात परत झिरपत राहतं. मोजताना एक काळजी. हॅना कंपनीचा लो-रेंज फॉस्फेट चेकर सोपा आहे, पण त्याची चूक अधिक-उणे ०.०४ पीपीएम. म्हणजे ०.०३ असा आकडा दिसला तर तो शून्यही असू शकतो. खाली उतरल्यावर त्यांचाच अल्ट्रा-लो फॉस्फरस चेकर वापरा. तो फॉस्फरस पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जातल्या भागांत, दाखवतो, त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेटचं पीपीएम मिळतं. २६ आलं तर फॉस्फेट ०.०८. काचेच्या बाटलीवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा उडतो, पुसून घ्या.

आणि आता मोठ्या जाळीचा तोटा. दहाव्या आठवड्यात खाद्य तेवढंच, दिवे १६ तास, आणि दोन्ही आकडे शून्याकडे. मश्रूम फिकट पडले, आणि वाळूवर बुडबुडे धरणारा तपकिरी शेंबूड दिसू लागला. तो डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा. पाणी ‘अतिस्वच्छ’ झालं की इतर शेवाळ मरतं आणि रान याला मोकळं मिळतं. पोटातल्या झूझॅन्थेलींनाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतं. त्यातही नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट नाही, अशी स्थिती सगळ्यात वाईट. प्रयोगशाळेत अशा पाण्यातले प्रवाळ उष्णतेने आणि उजेडाने लवकर ब्लीच होतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं आहे. त्यामुळे घरच्या टाकीत नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० एवढं राहू द्या. खाली घसरलं तर दिवे नऊ तासांवर आणा किंवा जाळीचा अर्धा भाग कापून टाका. या टाकीला १० बाय १२ ची जाळी पुरली असती. वर्कशॉप १५ बाय १५ हे एकच माप ‘स्टँडर्ड’ म्हणून देतं. हट्टाने लहान मागा.

काही गोष्टी हे यंत्र करत नाही. दगडावर आधीच माजलेलं केसाळ शेवाळ ते ओढून काढत नाही. पहिले दोन महिने हाताने उपटावंच लागतं. हातमोजे आणि चष्मा घाला, विशेषतः झोअँथिड असलेला दगड घासताना. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. असा दगड साफ करायला गरम पाण्यात उकळणं तर कधीच नको, वाफेतून ते श्वासात जातं. लाल मखमलीसारखा थर शेवाळाचा नसून सायनोबॅक्टेरियाचा असतो. त्याला पाण्याचा प्रवाह वाढवणं आणि वाळूतला गाळ ओढून काढणं हाच इलाज.

कोल्हापूरच्या हवापाण्याचा वेगळा हिशोब आहे. पाणी आधी. नळाचं पाणी टाकीत नको, आणि घरच्या आरओचं पाणी बहुतेकदा आरओचं नसतंच: आत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरची कळ असते, ती चव यावी म्हणून कच्चं पाणी थोडं मिसळते, आणि वर मिनरलची कांडी. बाहेर येणारं पाणी ५० ते १०० टीडीएसचं. ही कळ बंद करा, मिनरलची कांडी काढा, शेवटी उरलेले क्षार शोषणारा डीआय रेझिनचा डबा जोडा आणि टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय मीठ मिसळू नका. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम मीठ, घनता २५ अंशांना १.०२६. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की पाच मायक्रॉनची कापसाची कांडी महिन्यातच चॉकलेटी होते. ती वेळेवर बदलली नाही तर आरओची मुख्य गाळणी, म्हणजे मेम्ब्रेन, जाते, आणि मेम्ब्रेन कांडीच्या कितीतरी पट महाग.

एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत टाकी ३० अंशांवर जाते. संपवर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, आणि स्क्रबरचा पडदाही त्यात भर घालतो. पण त्यामुळे रोज दोन ते चार लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, पाणी उडतं. भरपाई गोड्या आरओ पाण्याने, शक्यतो ऑटो टॉप-अपने. जुलैत हवाच ओली, पंख्याचा उपयोग नाही, पण तेव्हा गरजही नसते.

वळवाचा पाऊस आला की संध्याकाळी वीज जाते, हे गृहीत धरूनच जोडणी करा. वीज गेली तर पंप आणि दिवे दोन्ही बंद. जाळी दोन-तीन तास ओली राहते, नंतर टाकीचंच पाणी स्प्रेने मारा. खरा धोका वेगळा आहे: पंप अडकला आणि दिवे सुरू राहिले. उन्हाळ्यात दोन तासांत जाळी वाळते, शेवाळ मरतं आणि पाणी सुरू झालं की कुजून अमोनिया टाकीत सोडतं. अशी वाळून पांढरी पडलेली जाळी धुतल्याशिवाय परत लावू नका. पंपाचा इम्पेलर महिन्यातून एकदा व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन अर्धा तास बुडवला की अडकण्याची शक्यता बरीच कमी होते. इन्व्हर्टर असेल तर स्क्रबरच्या आधी टाकीचा मुख्य पंप त्यावर टाका. मासे ऑक्सिजनवाचून आधी मरतात.

पर्याय काय? संपच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फा या तारेसारख्या शेवाळाचा गुंता आणि वर एक ग्रो लाइट, हा सगळ्यात स्वस्त. खर्च हजार-दीड हजार, आवाज नाही, वाहून जाण्याची भीती नाही; मात्र जागा जास्त लागते आणि काम हळू. कौलर्पा हे दुसरं शेवाळ ठेवू नका, तो जननपेशी सोडून एका रात्रीत विरघळला की सगळं शोषलेलं पाण्यात परत. फॉस्फेट शोषणारी लोहाची खडी लवकर काम करते, पण संपली की पुन्हा विकत, आणि नायट्रेटला हात लावत नाही. स्किमर, म्हणजे फेसातून घाण बाहेर काढणारं उपकरण, असेल तर तो काढू नका. त्याचं आणि स्क्रबरचं काम वेगळं आहे.

कायद्याबद्दल स्पष्ट लिहिलेलं बरं, कारण विकणारे ते सांगत नाहीत. खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, तसेच काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या रांगेत. ‘एसपीएस’, ‘एलपीएस’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे फोटो म्हणजे हेच. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून मिळणारा दगडही बहुधा प्रवाळाचा सांगाडा असतो. सिरॅमिकचा दगड घ्या. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला उतरलात तर एकाच खडकावर सार्गासम शेवाळाची तपकिरी झुडपं आणि त्यांच्या आडोशाला पोराइट्ससारखे प्रवाळ दिसतील, वर सांगितलेलं जागेचं भांडण तिथे फुकट बघायला मिळतं. पण तिथून खडा उचलून आणणं हा गुन्हा आहे.

यंत्राचं अ‍ॅक्रिलिक, सांधे आणि दिव्याची भिंत चांगली. पंप, चीर, जाळी, दिवे आणि निचरा कच्चे. पाचपैकी तीन. रोज तीन-चार ग्रॅमपेक्षा कमी खाद्य घालणाऱ्याने ६,८०० रुपये घालू नयेत, त्याला कीटोमॉर्फा पुरे. जास्त मासे असलेल्याने ऑर्डर देताना कागदावर लिहून द्यावं: जाळीचं माप खाद्यावरून, जाळी दोन्ही बाजूंनी खरखरीत, चीर तीन मिलिमीटर आणि मशीनवर कापलेली, दिवे ६६० चे, निचऱ्याची दोन भोकं, पंप नको. खोका आणल्यावर साध्या पाण्याने भरून दोन दिवस बाल्कनीत ठेवा. सांध्यांच्या सोलव्हंटचा वास गेल्यावर आणि खाली ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा राहिल्यावरच तो संपवर चढवा.